दर महिन्याचे आठ हजार

मेहकर,
मंगळवार, दि. १२ नोव्हेंबर २०२४

प्रिय चिन्मयदादा,
साष्टांग नमस्कार.

तू आणि वहिनी सुखरूप असाल. माझी हिमानी चौथीत गेली. शाळेत माझी कारकुनी चालूच आहे, सध्या शिष्यवृत्तीच्या याद्या आहेत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्ता तुझ्या जुन्या ऑफिसातून मिळवला. रागावू नको.

दादा, मी फार अडकले आहे. बस स्टँडवर टेबल मांडून बसलेल्या एका माणसाकडून क्रेडिट कार्ड घेतलं होतं. "पन्नास दिवस एक पैसा व्याज नाही, मॅडम," असं म्हणाला होता. मी एटीएममधून दर महिन्याला आठ हजार काढत गेले. आठ महिन्यांत चौसष्ट हजार. पगारातून गुपचूप चौदा हजार भरले, तरी बाकी सहासष्ट हजार!

व्याज माफ करा म्हणून बँकेत तीन अर्ज केले. बँकेतले साहेब म्हणाले, "ते पन्नास दिवस खरेदीसाठी असतात. रोख काढली की त्याच दिवसापासून व्याज, आणि दर वेळी फी वेगळी. ही सही तुमचीच ना?"

सही माझीच होती. पुढे बँकिंग लोकपालाकडे तक्रार केली. गेल्या शुक्रवारी उत्तर आलं, बँकेचं बरोबर आहे. याद्यांवर डोकं टेकून बसून राहिले.

तू म्हणशील, एवढे पैसे कशाला लागले? तुझ्या मेहुण्यांनाही मी अजून सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये बाबांना अर्धांगवायू झाला. तुला कोणी कळवलं नसेल. उजवा हात गेला. पूजा सांगणं थांबलं, तशी दक्षिणाही थांबली. मी औषधाचे पैसे पुढे केले, तर म्हणाले, "दिलेल्या लेकीचा पैसा मी खात नसतो." चार दिवस त्यांनी गोळीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी मी आठ हजार त्यांच्या उशाशी ठेवले आणि म्हटलं, "दादाने पाठवले."

दादा, ते रडले रे. तुझ्या लग्नानंतर 'माह्या दारात पाऊल ठेवू नको' म्हणालेला तोच माणूस डाव्या हाताने त्या नोटा कपाळाला लावत होता. पुढच्या महिन्यात मी कशी थांबणार होते?

घरी कळू नये म्हणून कार्डाच्या अर्जात मी बाबांच्या जानेफळच्या घराचा पत्ता दिला होता. रविवारी वसुलीचा माणूस थेट तिथे गेला आणि अंगणात उभा राहून माझं नाव घेऊन बोलला. बाबांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "घाबरू नको, पोरी. माहा चिन्मय दर महिन्याले मले पैसे पाठवते. तुह्यासाठी नाही देणार काय तो? मीच जातो त्याच्याकडं. त्याची माफी मागायचीही राह्यलीच हाय."

शेजारचा राजकुमार शनिवारी गाडी घेऊन पुण्याला येतो आहे. बाबा त्याच्यासोबत निघालेत. मी पाया पडले, तुला सुट्टी नाही म्हटलं, घर बदललं म्हटलं. ऐकत नाहीत, तुझ्या ऑफिसात विचारून घर शोधीन म्हणतात. धोतर धुऊन घडी करून ठेवलं आहे.

कर्जाचं मी आजच तुझ्या मेहुण्यांना सांगते. बांगड्या मोडेन, बोलणी खाईन. तुझा एक रुपया नको मला, हिमानीची शपथ. तू फक्त दार उघड. ते विचारतील, दर महिन्याला पैसे तूच पाठवत होतास ना? तेव्हा 'हो' म्हण. एवढंच. नंतर माझ्याशी जन्मभर बोलला नाहीस तरी चालेल.

'नाही' म्हणालास तर ते घरी येऊन गोळ्या बंद करतील, आणि या वेळी सांगायला माझ्याकडे दुसरं कोणाचं नाव नाही.

न विचारता तुझं नाव वापरलेली,
तुझी बहीण
गार्गी