नवसाबाई कोण?

४ ऑगस्ट १९९९, बुधवार

वकील करणार म्हणजे करणारच! माझा, स्वतःचा. सगळं घर विरोधात गेलं तरी.

ह्यांच्या मामांनी, केरूमामांनी, मखमलाबादच्या मळ्याचा रस्त्याकडचा तुकडा बिनशेती करून घेतलाय. त्याचे प्लॉट पाडलेत. त्यातला एक आम्हाला विकत देतायत. इथे सातपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत चौदा वर्षं काढली, आता मालकाला दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या हव्यात. मला तो प्लॉट हवाच आहे. आधी दोन पत्र्याच्या खोल्या, मग बाकीचं. ओट्यासमोर खिडकी कुठे काढायची तेसुद्धा ठरलंय.

मामा म्हणाले, "आपला वकील हाय ना. दोघांचंबी त्योच बघंल." मी म्हटलं, मामा, तो तुमचा. माझा वेगळा असेल. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "माझा भाऊ हाय तो. चोर नाय." हे नेहमीप्रमाणे पाणी प्यायला आत गेले. तहान बरोब्बर अशाच वेळी लागते ह्यांना!

७ ऑगस्ट, शनिवार

कंपनीला हाफ डे टाकून दोन वकील पाहिले.

पहिले ह्यांच्या सुपरवायझरच्या ओळखीचे. मागे भिंतभर जाडजूड पुस्तकं. "मिस्टरांना पाठवा ताई, त्यांच्याशी बोलतो." प्लॉट माझ्या नावावर होणार आहे, हे दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगण्याऐवजी उठले.

दुसऱ्या हाजरा मॅडम. कोर्टासमोर जिन्याखाली टेबल, दोन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. मी बसले तसं म्हणाल्या, "कागद आणलेत. वाचलेत का?" नव्हते वाचले. लाज वाटली. त्यांनी मामांच्या वकिलाने केलेला खरेदीखताचा मसुदा माझ्यापुढे सरकवला. "वाचा. अडेल तिथे विचारा." तासभर शाळेत बसल्यासारखी बसले. सतरा ठिकाणी अडले. एकदाही त्यांच्या कपाळावर आठी नाही.

ह्याच!

८ ऑगस्ट

सासूबाई बोलत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या तरी नीट मोजता आल्या.

१९ ऑगस्ट, गुरुवार

मॅडमनी तीस वर्षांचे कागद काढून पाहिले. आत्ताचा सातबारा स्वच्छ. जुन्यावर मात्र 'इतर हक्क' म्हणून एक नाव आहे — नवसाबाई. तीन वर्षांपूर्वी त्या नावाला कंस घातलाय. तलाठ्याचा कंस म्हणजे नाव गेलं. कारण लिहिलंय 'मयत'. आधार काय, तर मामांचं प्रतिज्ञापत्र — माझी बहीण नवसाबाई लहानपणीच देवीच्या आजाराने वारली.

मॅडम म्हणाल्या, "वडील वारले एकाहत्तर साली. त्यानंतर वारस म्हणून हे नाव लागलं. लहानपणी गेलेली मुलगी एकाहत्तरला वारस कशी?"

मी ते साल पुन्हा वाचलं.

"तुमच्या सासूबाई मामांच्या बहीण ना? त्यांचं लग्नाआधीचं नाव काय?"

मी आडनाव सांगितलं.

"आडनाव नाही. नाव."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यांच्यासोबत राहतेय, आणि मला माहीत नाही! रेशनकार्डावर सुवर्णाबाई, पोथीच्या पहिल्या पानावर सुवर्णाबाई, म्हणून सुवर्णाबाई. मला तरी सुचायला हवं होतं. मी माहेरची भिमा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'साधना' लिहिलं आणि भिमा संपली.

घरी येऊन ह्यांना विचारलं. खूप विचार करून म्हणाले, "मामा तिला अक्का म्हणतात." स्वतःच्या आईचं नाव माहीत नाही!

२० ऑगस्ट

सासूबाई मेथी निवडत होत्या. समोर बसले. विचारलं, आई, नवसाबाई कोण?

हात थांबला नाही. "मीच की." पुढची जुडी ओढत म्हणाल्या, "आईनं सप्तशृंगीला नवस केला व्हता, तवा झाले मी. ह्या नावानं कुणी हाक मारून पंचेचाळीस वर्षं झाली."

मी प्रतिज्ञापत्राची नक्कल वाचून दाखवली. 'लहानपणीच वारली' ही ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्यांदाही. मग म्हणाल्या, "भाजी टाक. पोरं येतील." आणि देवापाशी जाऊन बसल्या.

हे माझ्यावर चिडले. "कशाला उकरून काढलंस? मिळत होता प्लॉट!" मिळत होता, खरंय. मोरीत जाऊन रडले. पण उकरलं त्याचा पश्चात्ताप नाही. बाई समोर मेथी निवडतेय आणि कागदावर तिला मारून टाकलंय. ते नुसतं वाचून गप्प बसायचं?

२६ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

दरवर्षी सासूबाई मळ्यात जातात. आज मामाच आले. हातात साडी, साडीखाली हक्कसोडपत्र. टाइप करून, तिकीट लावून तयार!

"अक्का, ते मेल्याचं वकिलानं चुकून लिवलं. आता एक सही कर, मंजी समदं सरळ. तुझ्याच सुनंचं घर व्हनार हाय."

आणि माझ्याकडे बघितलं. मामा लय हुशार! एका सहीवर माझी खिडकी अडकली होती. गप्प बसले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. मी म्हटलं, आई, मला घर हवंय. पण ह्यात लिहिलंय की तुमचा ह्या मळ्यावर कसलाही हक्क उरणार नाही, नुसत्या आमच्या प्लॉटवरचा नाही. सगळ्या मळ्यावरचा. मामा म्हणाले, "सुनंनं बोलायचं न्हाय ह्यात." मी म्हटलं, मग माझ्या घराचं नाव काढायचं नाही ह्यात.

सासूबाईंनी राखी बांधली, ओवाळलं. साडी ठेवून घेतली. कागदही ठेवून घेतला. सही केली नाही. "वाचून सांगते," म्हणाल्या. त्यांना सहीपुरतंच लिहिता येतं हे मामांना चांगलं माहीत आहे!

३० ऑगस्ट

मालक आठवण करून गेला. हे, दोन दिवस झाले, उशी घेऊन बाहेरच्या खोलीत. झोपा!

मॅडमनी वाट काढलीय. मामा आणि सासूबाई, दोघांनी मिळून मला खरेदीखत करून द्यायचं. 'नवसाबाई ऊर्फ सुवर्णाबाई' असं लिहून. किमतीतला हिस्सा त्यांचा त्यांना. म्हणजे घरही होईल आणि नावही राहील. अक्षरशः नाचत घरी आले. त्या राहणार आमच्यातच, सही का नाही करणार?

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. एवढंच विचारलं, "तुझी मॅडम माझंबी बघंल का?" मॅडम आधीच म्हणाल्या होत्या, एका व्यवहारात मी एकाच बाजूची. तसं सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली. "बराबर हाय."

४ सप्टेंबर, शनिवार

सासूबाई एकट्याच त्र्यंबकला जाऊन आल्या. नवी साडी नेसून. प्रसाद आणला नाही. विसरल्या म्हणाल्या. आठ दिवसांत आज पहिल्यांदा चहा मागून घेतला, तोही दोनदा.

मामा कुरकुरत का होईना, तयार आहेत. पितृपक्षाच्या आत रजिस्टर करायचं म्हणतात. मॅडमचा मसुदा मी तीनदा वाचला. एकाही ठिकाणी अडले नाही!

११ सप्टेंबर

रजिस्टर पोस्टाने माझ्या नावावर वकिलाची नोटीस आली. तशीच मामांनाही गेलीय. वकील नाशिकरोडचा, आम्ही कोणी न ऐकलेला. वकिलाने लिहिलंय — मळ्याची वाटणी झाल्याशिवाय त्यातला एकही प्लॉट विकायला माझ्या अशिलाची संमती नाही. घेणारणीने घेतल्यास तिच्यावरही दावा लावू. अशील — नवसाबाई. राहणार — आमचीच खोली, सातपूर. लिफाफा उघडायला कात्री त्यांनीच आणून दिली.