पीचला थंडी वाजत असेल

डुलुथ, मिनेसोटा
२ ऑक्टोबर १९९४

ती. आयडेला आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पीच सुखरूप पोचली. तुझ्या अंगणातून निघाल्यापासून तीन दिवस तिचा डबा माझ्या मांडीवर होता आणि नील्सने गाडी इतकी जपून चालवली, की आत बाळंतीण बसली आहे असं वाटावं.

तिला ऐसपैस जागा दिली आहे, माशांची जुनी काचपेटी. पण तीन आठवडे झाले, तिने उंदराच्या पिल्लाला तोंड लावलेलं नाही. दुकानातून गोठवलेलं आणते, वितळवून, कोमट करून ठेवते, सकाळी ते तसंच पडलेलं असतं. पेन्सिलीएवढं कॉर्न स्नेक सापाचं पिल्लू ते, उपाशी किती दिवस काढणार? तुझ्या म्हाताऱ्या मादीची ही शेवटची अंडी. त्यातलं एक पिल्लू तू विश्वासाने माझ्या हाती दिलंस, ते माझ्याकडे मरायला नको.

सासूबाई म्हणाल्या, साप आहे तोवर त्या खोलीत आपलं पाऊल पडणार नाही. तेवढंच एक बरं. लोभ आहेच, थोडी रागावलीस तरी चालेल, पण लवकर लिही.

तुझी,
कॉर्लिस

पाइन लँडिंग, साउथ कॅरोलायना
९ ऑक्टोबर

चि. सौ. कॉर्लिस हिस,
अ. आ.

रागावले आहेच. एवढ्याशा जिवाला दिवाणखाना कशाला हवा होता गं? उघड्यावर पडलं की पिल्लाला प्रत्येक सावली घारीची वाटते. बुटांच्या खोक्याएवढा प्लास्टिकचा डबा घे. झाकण घट्ट बसणारं हवं, कारण करंगळीएवढी फट म्हणजे त्यांना दरवाजा. एका टोकाखाली गरम पट्टी, दुसरं टोक गार, आणि दोन्हीकडे लपायला एकेक आडोसा. ऊब हवी तेव्हा ती इकडे येईल, नको तेव्हा तिकडे सरकेल. तेवढी अक्कल तिला आहे.

आणि हात लावायचा नाही. लागोपाठ तीनदा जेवली की मग उचल, तेही जेवणानंतर दोन दिवस सोडून.

सोबत सरड्याची कात पाठवते आहे, ओसरीच्या जाळीवर मिळाली. ती उंदराच्या पिल्लाला चोळ. इथल्या रानात यांचं पहिलं जेवण सरड्याचंच असतं, म्हणून वासाने फसतात. पोस्टातल्या बर्थाने पाकिटात काय आहे म्हणून विचारलं, मी म्हटलं, भाचीसाठी मसाला.

तुझी,
आत्या

डुलुथ
२३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

डबा, पट्टी, आडोसे, कात, सगळं तू सांगितलंस तसं केलं. मी फक्त पाणी बदलते, बोटसुद्धा लावत नाही. तरी ती खात नाही. आता पाठीचा कणा दिसायला लागला आहे. काल मी न्हाणीघरात जाऊन रडले, सापासाठी रडताना इथे कोणी पाहिलं तर काय म्हणेल.

शेपटीला निळ्या लोकरीचा धागा अडकला होता, कुठून आला कोण जाणे. माझं काय चुकतंय ते सांग. तुझ्या उत्तराची वाट पाहते.

कॉर्लिस

पाइन लँडिंग
२९ ऑक्टोबर

चि. सौ. कॉर्लिस हिस,
अ. आ.

तुझं काही चुकत नाही. तुमच्या घरात निळी लोकर कोणाची आहे? विचार, पण भांडू नकोस. माझं पहिलं पिल्लू मीच मारलं होतं, शेजारणींना हातात घेऊन दाखवून दाखवून. प्रेमानेच मारलं.

आत्या

डुलुथ
१३ नोव्हेंबर

श्रीमती आयडेला यांस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नील्स आणि कॉर्लिसच्या लग्नातल्या हस्तांदोलनापुरती, तरी हे पत्र मीच लिहायला हवं. निळी लोकर माझी. कॉर्लिसने तुमचं पत्र जेवताना वाचून दाखवलं आणि माझ्या घशात बटाटा अडकला.

त्या खोलीत पाऊल टाकणार नाही म्हणाले होते. मग एक दिवस खिडकी लावायला गेले. बाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि तो दक्षिणेतला इवलासा जीव डब्यात एकटा. मला राहवेना. कॉर्लिस कामावर गेली की मी पीचला माझ्या हातमोज्यात घालून शेगडीपाशी बसायचे, रोज तासभर. ती निपचित राहायची, मला वाटायचं सुखात आहे. ती भेदरलेली असायची, हे आता कळलं.

मी सुनेला सगळं सांगितलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली नील्सकडे दिली. दहा दिवस गेले. काल संध्याकाळी पीच जेवली. आम्ही दोघी दाराच्या फटीतून बघत होतो. शेवटचा घास आत गेला तेव्हा कॉर्लिसने माझा हात धरून ठेवला होता.

पण मला लिहायचं होतं ते वेगळंच. सापाला थंडी वाजत असेल हे मला एका दिवसात सुचलं. तुमची भाची तीन हिवाळे माझ्या घरात राहते आहे, तिला मी कधी विचारलं नव्हतं. मला त्याची लाज वाटते. काल विचारलं. ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून वाजते.

तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतला आहे. माप हात लावूनच घ्यावं लागलं, त्याला तुमची हरकत नसावी. आपल्या लोभात मलाही थोडी जागा असू द्या.

आपली,
गुड्रुन