खांदे कुठे बघतात

६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं बाबांनी कळवलं. जिना चढू नकोस. चढतेसच, माहीत आहे.

इकडे मी पार वैतागले आहे. बाळंतपणानंतर गोल्फच्या मैदानावर आले, तर आयर्न क्लबचा एकेक फटका डावीकडे! वळतबिळत नाही, निघतोच डावीकडे. पकड बदलली, चेंडू मागेपुढे ठेवला, पाय उजवीकडे वळवले. उलट बिघडतच चाललंय. महिनाअखेरीस संघनिवड आहे. कप्तानबाईंनी स्पष्ट सांगितलं, की जुनी जागा आता खेळूनच परत मिळेल. हे म्हणतात, थोडी थांब. थांबले तर मला कोण विचारणार? शिकवलंस तू, आता निस्तरही तूच.

बाळ छान आहे. सरावाला येतं. हे बाबागाडी घेऊन डावीकडच्या झाडाखाली बसतात.

लोभ आहेच, तो लंगडू देऊ नकोस.

तुझी,
खारू

१२ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

जिना दोनदाच चढले. मनगटांना छळणं आधी बंद कर. फटका मारताना तुझा क्लब बाहेरून आत येतोय, कारण खांदे डावीकडे वळलेत. पाय उजवीकडे वळवून काय होणार? पाय एक सांगतात, खांदे दुसरंच ऐकतात. गवतावर एक काठी झेंड्याच्या दिशेने ठेव, दुसरी तिला समांतर, पायांच्या बोटांपाशी. चेंडूच्या पलीकडे, किंचित मागे, रिकामं खोकं ठेव. क्लब बाहेरून आला की ते उडेल. आणि जावईबापूंना जरा झाडाखालून उठव. लांब मागे उभं राहून तुझे खांदे बघू देत.

बाळाला पापा. तुझ्यावर रागावून का होईना, प्रेम करणारी,
आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खोक्यांचा चुराडा झाला. ह्यांनी मागून पाहिलं आणि हसत सुटले. म्हणाले, पाय काठीला धरून असतात, पण ऐन वेळी खांदे बाबागाडीकडे वळतात. मी इतकी भडकले की दोन दिवस अबोला धरला. खरं होतं ना, म्हणून. आता बाळाला घरी ठेवू का? तर जीव घरी राहील. काय करू, लवकर लिही.

तुझी,
खारू

२३ फेब्रुवारी

चि. खारूस,
आशीर्वाद.

घरी ठेवू नकोस. बाबागाडी तुझ्या पाठीमागे, लांब ठेवा. आधी पोटभर बघून घे, मग काठी मनात धरून उभी राहा. वळावंसं वाटलं तर फटका सोडून दे, पण अर्धवट वळू नकोस.

आत्या

१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल निवड झाली. पहिले दोन फटके डावीकडे गेले. कप्तानबाईंनी वहीत काहीतरी टिपलं. तिसऱ्याला सात नंबरचं आयर्न घेऊन उभी राहिले, तोच बाळ रडलं. मी क्लब खाली ठेवला आणि सरळ मागे वळून पाहिलं. ह्यांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं होतं. मी पुढच्या रडण्याची वाट बघत राहिले. ते आलंच नाही. मग उभी राहिले आणि मारला. आत्या, चेंडू थेट झेंड्यावर गेला! त्यानंतरचेही बरेचसे सरळ गेले. संघात घेतलंय.

सगळे अभिनंदन करत होते आणि मी रडत होते. कप्तानबाईंना वाटलं, आनंदाने. हसू नकोस, पण बाळ माझ्यावाचून गप्प झालं, ते मला अजून सोसत नाहीये.

तुझ्या लोभाची आज जरा जास्तच गरज असलेली,
खारू