सरस वाळेपर्यंत हात लावायचा नाही

ती. दादा,

धाकट्याचा नमस्कार. (हात जोडलेत, पण डावीकडचं एक बोट वाकडंच उभं आहे, तेवढं चालवून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? वहिनी बरी ना? तू आपल्या सुतारखान्यात पाऊल टाकलं नाहीस त्याला चार महिने झाले. फळी तुझ्या हातून सरकली आणि माझ्या बोटावर पटाशी बसली, हे तू फारच मनाला लावून घेतलंस. बोट बरं झाल्याशिवाय तू येणार नाहीस असं वहिनीने कळवलं, म्हणून बोटाची हकिकत लिहितो.

डॉक्टरांनी सात टाके घातले, बोटाला पट्टी बांधली आणि तीन आठवड्यांनी हळूहळू वाकवायला लागा म्हणाले. आता तूच सांग, आपण दोघे शिकलो काय? सरस लावला की शिकंजा आवळायचा आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मी म्हटलं, मांस तर लाकडाहून ओलं, त्याला तीन आठवडे कसे पुरतील? म्हणून हलक्या लाकडाची एक पट्टी तासली (एका हाताने, आणि स्वतःच सांगतो, सुरेख जमली) आणि बोट तिच्यावर तीन महिने आवळून ठेवलं. बायकोने कपाळाला हात लावला. पट्टी सोडली तेव्हा बोट गंजलेल्या बिजागरीसारखं झालं होतं, आणि शर्टाची बाही घासली तरी डोळ्यांत पाणी यायचं.

शेवटी बायकोने फिजिओथेरपिस्टकडे नेलं. आपल्या थोरलीच्या वयाची मुलगी. तिने माझ्या पट्टीचं कौतुक केलं आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हणाली, कापलेलं केव्हाच सांधलंय. शरीर घाईघाईने नवे धागे टाकतं, ते आधी कसेही गुंतलेले असतात. बोट वाकवत राहिलं तर ओढीच्या दिशेने लागतात, नाही तर जिथल्या तिथे चिकटतात. लाकडाच्या रेषा बघण्यात जन्म गेला आणि हे मला कळू नये, याची लाज वाटली. मग अजून दुखतं कशामुळे, असं मी तिला विचारलं. "काका, जखम भरली, पण तुमच्या नसांना ते अजून पटलेलं नाही. तुम्ही बोट जितकं जपाल तितक्या त्या घाबरतील. थोडं दुखलं म्हणजे पुन्हा तुटलं असं नाही."

दादा, मी तिच्यासमोर रडलो. रंधा पुन्हा हातात येणार नाही असंच मी धरून चाललो होतो. आता रोज कोमट पाण्यात बोट वाकवतो. काल रंधा धरला. दुखलं, तरी एक फळी पुरी केली.

तुझा धाकटा

ता. क. बोट पुरतं वाकायला अजून वर्ष लागेल म्हणे. तोवर वाट बघत बसू नकोस.

ता. क. आणखी एक. फळी सरकली नव्हती. तू घट्ट धरली होतीस. पटाशीला धार लावायचा आळस मी केला, बोथट पटाशीवर जोर दिला आणि ती निसटली. दवाखान्यात सगळ्यांसमोर मी तुझं नाव घेतलं आणि तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. पट्टी बांधलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, म्हणून मी ती सोडत नव्हतो. सरसाचं आपलं निमित्त. काल हे घरात सांगितलं. तेव्हापासून बायको माझ्याशी बोलत नाही. दादा, तू तरी बोल.