करंजाचा वास

अब्बा, तुमचं इंजिन आम्ही पुन्हा एकदा चालू केलं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तुम्हाला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आपल्या धानोऱ्यात मोबाइलचा पहिला टॉवर नुकताच उभा राहिला होता आणि मी दूर समुद्राकाठच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी करत होते.

तुमची तेलघाणी मला आठवते ती आवाजानं. मागं स्वयंपाकघरात अम्मी भाकरी थापते आहे, फळीवरच्या डब्यांची झाकणं थरथरताहेत, आणि पुढं इंजिन ठोके देता देता मधेच एखादा गिळतं आहे. तो आवाज ऐकून जंगलातल्या बाया करंजाच्या बियांच्या टोपल्या घेऊन येताहेत. एकदा मी घाणीखाली बोट धरून चाटलं, तर तुम्ही हातावर फटका मारलात. "हे खाचं तेल नोहे, पोरी. जाळाचं हाये." त्या कडू, उग्र वासानं तुमचे सदरे, तुमची दाढी, नमाजाची चटईसुद्धा भरलेली असे. मग तुम्ही तापात गेलात, घाणीला कुलूप लागलं, आणि अम्मीनं धुऊन धुऊन तो वास घरातून काढला.

कारखान्यात माझ्या वाट्याला पुन्हा तेच तेल आलं. खनिज तेलातून डिझेल काढतानाच त्यात करंजाचं तेल मिसळायचं आणि दोन्ही एकाच संयंत्रातून, हायड्रोजनच्या दाबाखाली न्यायचं. बाहेर येतं ते निखळ डिझेल, पाण्यासारखं. बीचं त्यात काही उरत नाही; रंग नाही की वास नाही. नमुने मीच तपासले होते. साहेबांना ते खेड्यातल्या जुन्या इंजिनावर चालवून पाहायचं होतं. जमलं, तर बिया आपल्याच जंगलातून घ्यायच्या, असं ठरत होतं. मी म्हटलं, आमच्याकडं आहे एक इंजिन.

भर दुपारी, टाकी आणि नळ्या नव्या बसवून मेकॅनिकनं चाक फिरवलं. इंजिन खोकलं आणि लागलं. तेच ठोके, मधेच गिळलेला एक. आणि धुरातून करंजाचा वास आला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "टाकी जुनीच आहे का?" मी मानेनंच नाही म्हटलं. मागं स्वयंपाकघरात अम्मी दोन कप चहा गाळून बसली होती. घरात आता चहा पिणारी ती एकटीच; दुसरा कप तुमचा होता.

तेवढ्यात दारात एक म्हातारी गोंड बाई उभी राहिली, डोक्यावर टोपली. तिनं ती तुमच्या वजनकाट्याजवळ उतरवली.

"इंजिनचा आवाज आयकलो, म्हून आलो. बिया हायेत."

"बाई, अब्बा तर कधीच वारले," मी म्हटलं.

"मले ठाव हाये. मातीले होतो न मी."

"मग काऊन आणल्या?"

ती माझ्याकडं बघत राहिली, मलाच काही कळत नसावं तशी. "इंजिन बलावते त आणा लागते," म्हणाली, आणि टोपली तिथंच ठेवून निघून गेली.

उरलेलं डिझेल मी परत नेऊन तपासलं. वास नव्हता. ते इंजिन चांगलं चाललं, तरी करंजाचं काम पुढं सरकलं नाही. वरून दुसऱ्याच तेलावर काम करायचा हुकूम आला आणि आमची पिंपं कोपऱ्यात गेली. बायांना मी काय सांगणार होते?

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. त्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर मी घाणीत एकटीच थांबले होते. इंजिन बंद होतं. मी मोठ्यानं म्हटलं, "अब्बा, येते मी." आणि उत्तराची वाट पाहिली; वास आला, टोपली आली, आता तुम्हीही याल असं वाटलं. इतकी वर्षं तुमच्या आवाजासाठी झुरले, पण खरं सांगते, तेव्हा तो आला नाही म्हणून मला हायसं वाटलं.