टाके ओले असताना

नांदेड, १० मार्च २०२५

तीर्थरूप मल्लम्मा आत्यास,
श्रीशैलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की सारं घर ऐकतं, म्हणून पत्र. छातीचं ऑपरेशन हैदराबादला झालं. बगलेखालच्या दोन्ही नळ्या परवा काढल्या. ओढताना आतून दोरखंड सरकल्यासारखं वाटलं. आता घट्ट पट्टा, तोही सहा आठवडे. कुशीवर वळता येत नाही, शिंक आली की घाम फुटतो. खाज सुटते, पण खाजवलेलं बोटालाच कळतं, छातीला कळत नाही. अमरनाथ, माझा खोलीतला जोडीदार, रोज उप्पीट करतो. ते खाल्ल्यावर टाक्यांचं दुखणं काहीच वाटत नाही.

अप्पांचा निरोप आला. धाकट्या दामिनीच्या लग्नाला, वीस एप्रिलला, लातूरला यायचं तर मोठ्या मुलीसारखं साडी नेसून ये, नाहीतर येऊ नको. आणि असल्या छातीवर गळ्यातलं इष्टलिंग बांधू नको म्हणाले. आत्या, साडी मी नेसणार नाही. लिंगाचं तू सांग.

माझ्यावर जीव आहे तेवढा असू दे.
तुझा श्रीशैल

चाकूर, १६ मार्च

चि. श्रीशैल यास मल्लम्माचे पोटभर आशीर्वाद.

वर जुनं नाव लिहून खोडलंय ते दिसतंय. हाताला अठ्ठावीस वर्षांची सवय हाय, राग मानू नको.

नऊ वर्षांमागं गाठीपायी माझ्या छातीची डावी बाजू काढली, ठाऊक हाय तुला. तवा तुझा बाप आठ दिस उशाशी बसून रडला. मला कुणी बाई न्हाईस असं म्हणलं न्हाई. आता तू आपल्या मर्जीनं काढून घेतलंस तर त्याच माणसाला लाज वाटून राहिली. मी त्याची थोरली बहीण हाय, हे त्याला ऐकवणार हाय.

लिंग बाईच्याबी गळ्यात असतंय अन् बाप्याच्याबी. दीक्षा देताना गुरूनं तुझी छाती बघितली नव्हती. पट्ट्यावरून घाल, टाक्याला घासू देऊ नको. दोन्ही हाताखाली उशा घेऊन नीज, बादली उचलू नको. बधिरपणा लई दिवस राहतोय, भिऊ नको. अन् उप्पिटात रवा आधी भाजायचा असतोय, सांग त्या पोराला.

खुशाली कळवत जा, जीव लागून राहतो.
तुझी आत्या

नांदेड, २९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

उजवी बाजू अचानक फुगली. हात लावला की आत पाणी डचमळायचं. इथल्या एका दवाखान्यात गेलो. पट्टा सोडल्यावर डॉक्टरांनी आधी मदतनिसाला हाक मारली, मग बाहेरच्या आणखी दोघांना. एकानं हसत विचारलं की हे हौसेनं केलं का. मी शर्टाची बटणं लावली आणि सांगितलं की मी उपचाराला आलोय, प्रदर्शनाला नाही. बाहेर आलो. रिक्षात बसून रडलो, आत्या. हेही लिहितो, कारण तुझ्यापासून काय लपवायचं.

हैदराबादच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दुसरा दवाखाना सुचवला. तिथल्या डॉक्टरबाईंनी दोनच गोष्टी विचारल्या, ताप आहे का आणि नाव काय. कागदावर श्रीशैल लिहिलं आणि सुईनं वाटीभर पिवळं पाणी काढलं. घरी येऊन आरशापुढं उभा राहिलो. जांभळे-पिवळे डाग, सूज, एक बाजू वाकडी. तरी सदरा घालायची घाई झाली नाही.

लिंग पट्ट्यावरून घातलं आहे. लग्नाला येणार आहे.

आशीर्वाद कमी पडू देऊ नकोस.
तुझा श्रीशैल

चाकूर, ६ एप्रिल

चि. श्रीशैल यास अनेक आशीर्वाद.

लातूरला जाऊन तुझ्या बापाशी, चंद्रप्पाशी भांडून आले. तो म्हणून राहिला की सदरा घालून आला तर दारातच अडवीन, लोकांना काय सांगू? मी म्हणलं, त्याला अडवलंस तर मीबी आत येणार न्हाई. दामिनीनं हातातला मेंदीचा कोन खाली ठेवला अन् म्हणाली, भाऊ न्हाई आला तर मी मांडवात उभी राहणार न्हाई. तुझा बाप मान खाली घालून बसला. व्हय म्हणला न्हाई. तवा तयारीनं ये. उन्हाचा एसटीत बसू नको, सकाळच्या गाडीनं ये.

वाट बघते.
तुझी आत्या

नांदेड, २२ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू आत दामिनीजवळ होतीस, म्हणून दारात काय झालं ते लिहितो.

अप्पा पाहुण्यांचं स्वागत करत होते. पांढऱ्या सदऱ्यातल्या मला त्यांनी पाहिलं आणि नजर वळवली, पण अडवलं नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. अजून न सुटलेल्या पट्ट्याखाली घामानं टाक्यांचे व्रण चुरचुरत होते. तेवढ्यात उदगीरचे उमाशंकरकाका आले आणि अप्पांना विचारलं, हा कोण. अप्पा म्हणाले की बहिणीकडचा आहे.

मला ऑपरेशननंतर इतकं कधी दुखलं नव्हतं. पण मी हात जोडले आणि म्हणालो की नाही काका, मी ह्यांचा थोरला, श्रीशैल. अप्पांचा चेहरा उतरला. ते काकांना पंगतीकडे घेऊन गेले.

मी जागा सोडली नाही. अप्पा परत आले, माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले. पुढचे पाहुणे आले, त्यांनीही विचारलं. अप्पा गप्प होते. मग मीच सांगितलं. मुहूर्त लागेपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिलो.

तुझी माया आहे, बाकीचं मी बघतो.
तुझा भाचा,
श्रीशैल चंद्रप्पा