दुसरी बाजू आधी

ता. ९ फेब्रुवारी

ती. मामास,

शि. सा. न. वि. वि.

आमचा अल्बम पुरा झाला! फोनच करणार होते, पण छापखान्यात मशीन चालू असलं की तू कशालाही हो हो म्हणतोस आणि मग निस्तरत मी बसते.

अल्बमचं नाव ‘तळ’. एका पाणबुड्याची गोष्ट आहे. पहिल्या बाजूला चार लहान गाणी: बोट, दोर, वारा आणि उडी मारण्याआधीची घालमेल. चौथं गाणं नुसत्या एका श्वासावर संपतं. तो श्वास आमच्या गायिकेचा. तिला आम्ही मुकी म्हणतो, कारण एरवी तिच्या तोंडून शब्द फुटत नाही आणि माइक दिला की छप्पर उडतं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून तिला स्टुडिओतल्या कोटांच्या कपाटात उभं करून तो श्वास टिपला. मग रेकॉर्ड उलटायची आणि थेट पाण्यात. दुसऱ्या बाजूला एकच गाणं, वीस मिनिटांच्या वरचं. ते माझं आहे, मामा. दोन वर्षं ड्रम्सच्या मागे बसून मी तेच रचत होते.

ते राहतंय की जातंय अशी वेळ आली होती. आमचा गिटारवाला शाळेत गणित शिकवतो, म्हणून तो मास्तर. मास्तरचं म्हणणं असं की आधीच आपलं प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे दणदणाटाचं रॉक, त्यात ताल दर चार ओळींनी बदलतो, त्यात एवढं लांब गाणं. लोक चपला शोधू लागतील. खूप वादावादी झाली. शेवटी ते दुसऱ्या बाजूला ठेवायचं यावर मिटलं. ज्याला हवं तो उलटेल.

कारखान्यातून आलेली नमुन्याची रेकॉर्ड सोबत पाठवते आहे. तिच्या मधल्या कागदी चकत्या कोऱ्या आहेत, मी पेन्सिलीनं १ आणि २ लिहिलंय. गाण्यांचे शब्द सुट्या कागदांवर आहेत. कव्हर तूच छापायचं, दुसरं कोणी नको. गाण्यांचा क्रम रेकॉर्डवर आहे तसाच ठेव. २७ एप्रिलला प्रकाशन आहे, तू यायचंच.

लोभ आहेच, आवाज वाढला तरी तो कमी होऊ नये, ही विनंती.

तुझी भाची

&nbsp;

ता. १८ फेब्रुवारी

चि. धडामबाईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रेकॉर्ड ऐकली. तू पाळण्यात असताना पायानं खुळखुळा वाजवायचीस, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं. माझा मशीनमन धावत आत आला. त्याला वाटलं, कटिंग मशीनमध्ये काहीतरी अडकलं. मग तोही बसला. ताल धरायचा म्हणून त्यानं मांडीवर थाप मारली आणि चारदा फसला. आता तो ते मनावर घेऊन बसलाय.

पाणी मला दिसलं, खरंच. म्हणून कव्हरला नुसता काळा रंग न देता काळ्याखाली गर्द निळा देतो आहे. उजेडात तिरकं धरलं तरच निळा दिसेल. शाई वाळायला वेळ लागेल म्हणून मशीनमन कुरकुरतोय, पण तो माझ्या लग्नाच्या पत्रिकेलाही कुरकुरला होता. कव्हरं मार्चच्या मध्यापर्यंत पोचतील. चकत्यांची छपाई मागाहून करू.

जेवत जा. तुझ्या आईला असं वाटतं की ड्रम्स वाजवणारी माणसं जेवत नाहीत. तिला हातानं चार ओळी लिही. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

&nbsp;

ता. १५ मार्च

ती. मामास,

शि. सा. न. वि. वि.

गठ्ठे आले. मुकीनं एक कव्हर खिडकीशी तिरकं धरलं, तो निळा दिसला आणि ती चक्क बोलली. फारच सुंदर, असं म्हणाली. दातांचे डॉक्टर असलेले आमचे बेसवाले तर कव्हरचा वास घेत बसले.

मग मास्तरनं ते उलटं केलं.

मामा, तू माझं लांब गाणं पहिल्या बाजूला छापलं आहेस आणि चार लहान गाणी दुसऱ्या बाजूला. सगळ्याच्या सगळ्या कव्हरांवर! मास्तर आधी हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. त्याला वाटतंय की मी तुझ्याशी संगनमत करून माझं गाणं पुढे घुसवलं. मी शपथा घेतल्या. तो म्हणाला की छापखाना तुझ्या मामाचा, गाणं तुझं, आणि चूक बरोब्बर तुझ्याच सोयीची. हे गणित मी शाळेतल्या मुलांनाही सोडवायला देणार नाही, इतकं सोपं आहे. गिटार पेटीत घालून गेला. चार दिवस तालमीला आला नाही. तो नसेल तर कसला अल्बम आणि कसलं प्रकाशन.

खरं सांगू? कव्हर बघून क्षणभर मला आनंद झाला होता. मास्तरला तोच दिसला असणार.

असं कसं केलंस रे? रागावले आहे, तरी लोभ आहेच. काय करणार!

भाची

&nbsp;

ता. २० मार्च

चि. धडामबाईस,

अनेक आशीर्वाद, आणि कान धरून माफी.

तू लिहिलंस की क्रम रेकॉर्डवर आहे तसा ठेव. मी ऐकला तसा ठेवला. पण आपल्या घरी रेकॉर्ड दुसऱ्या बाजूनं सुरू होते, हे मी विसरलोच. विसरलो म्हणजे काय, जगात सगळीकडे तसंच करतात असं मला वाटू लागलंय. ही तुझ्या मामीची खोड. ती म्हणायची की पहिल्या बाजूला गाणारे नटूनथटून बसलेले असतात. दुसरीकडे गेलं की घरच्या कपड्यांत भेटतात. म्हणून आधी दुसरी. ती जाऊन पाच वर्षं झाली, माझा हात अजून आपोआप रेकॉर्ड उलटतो. तुझे आकडे पेन्सिलीचे, माझा चष्मा कपाळावर. असं झालं.

मास्तरसाठी वेगळं पत्र सोबत आहे. त्यात हेच लिहिलंय, शिवाय हेही की तुला कट करता येत नाही. लहानपणी लपाछपीत तू लपल्या जागेवरून हाका मारायचीस. कव्हर मी पुन्हा छापून देतो. पण जाड कागद संपलाय; नवा येऊन शाई वाळेपर्यंत २७ तारीख निघून जाईल. तुम्ही चौघं ठरवाल ते.

राग धर, पण मामाला धरून ठेव.

मामा

&nbsp;

ता. २ एप्रिल

ती. मामास,

शि. सा. न. वि. वि.

पुन्हा छापू नकोस!

काल मास्तर तुझं पत्र घेऊन तालमीच्या खोलीत आला. रेकॉर्ड लावली, आधी दुसरी बाजू, आणि जमिनीवर बसला. आम्हीही बसलो. पहिल्या ठोक्याला आपण थेट तळाशी, अंधारात. लांब गाणं संपल्यावर बोट, दोर, वारा ही गाणी आली, तर ती तयारीची वाटेनातच. तळ बघून आलेला माणूस पुन्हा जायचं म्हणतोय, असं वाटलं. शेवटी मुकीचा तो श्वास. पुढे काही नाही. डॉक्टरसुद्धा श्वास धरून बसले होते.

सुई उचलत मास्तर म्हणाला की लोक पळतील म्हणून मी गाणं मागे लपवत होतो. आता भीती घालायचीच तर दारातच घालू. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, लपाछपीचं पटलं. मामा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी झांज पुसायचं नाटक केलं.

तेव्हा कव्हर आहे तसंच. चकत्याही त्याच क्रमानं छाप. चष्मा नाकावर ठेवून छाप.

लोभ उतू जातोय, भांडं धर.

तुझी भाची

&nbsp;

ता. १ मे

चि. धडामबाईस,

अनेक आशीर्वाद, हात दुखत असतील, त्यांना वेगळे.

प्रकाशनाला गर्दीत नीट भेटता आलं नाही. मी कानांत कापूस घालून आलो होतो. लांब गाण्याच्या निम्म्यात तो काढून खिशात टाकला. तुझी आई शेजारी डोळे मिटून बसली होती. मला वाटलं झोपली, तर तिच्या पायाचा ताल तुझ्याशी जुळत होता. माझा मशीनमन अजून फसतोय. शेवटी मुकीनं तो श्वास घेतला, तेव्हा अख्ख्या हॉलनं घेतला. टाळी वाजवायला कोणाला सुचेना. मग ज्या वाजल्या, त्या तू ऐकल्यासच. चपला शोधायला कोणी उठलं नाही, हे मास्तरला सांग.

काल घरी निवांतपणे तुमची रेकॉर्ड लावली. चहा घेऊन बसलो, तर बोट आली, दोर आला. म्हटलं हे काय? बघतो तर हातानं नेहमीप्रमाणे आधी दुसरी बाजू लावली होती. हसत तशीच ऐकली. श्वासापाशी आलो, उठलो, उलटली आणि पाण्यात उतरलो. म्हणजे मास्तरनं भांडून मिळवलेला क्रम अखेर एका घरात तरी वाजला. त्यालाही कळव, खूश होईल.

आणि तुझी मामी असती तर जरा चिडली असती. तिच्या इतक्या वर्षांच्या हिशेबाला तुम्ही खोटं पाडलंत. घरच्या कपड्यांतच दारात येऊन उभे राहिलात.

येत जा. येताना ड्रम्सच्या काठ्या आण, माझ्याकडे रिकामे डबे पुष्कळ आहेत.

तुझा मामा